पलंगावर माणूस असताना

ती. ताई,

नमस्कार. साष्टांगच घालायचा होता, पण परवा सात नंबरच्या खोलीतली गादी एकट्याने उलटताना कंबरेत उसण भरली, तेव्हा बसल्या जागेवरून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून केलेला हा नमस्कार गोड मानून घे. (एकट्याने कशाला उलटलीस, असं तू विचारशीलच. कामाची बाई रजेवर होती, आणि "थांबा, मी हात लावते" असं ही म्हणाली होती, ते मी ऐकलं नाही. झालं समाधान?) बाकी इकडे सगळे मजेत. लॉज नेहमीसारखं भरलेलं आहे, वरच्या मजल्याचा गीझर नेहमीसारखा बिघडलेला आहे, आणि दोन्हींबद्दल ही मलाच बोलते.

तुझी तब्येत कशी आहे, हे मी विचारत नाही. विचारलं की तू "मला काय धाड भरलीय" असं कळवणार, आणि त्यातून काही कळत नाही, कारण घसरून पडलीस त्या दिवशी स्ट्रेचरवरूनही तू हेच म्हणाली होतीस. फोन करावा तर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझी खबर मी परस्पर सूनबाईकडून काढतो. (तिला रागावू नकोस. ती चुगलखोर नाही. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती रडायला लागली, आणि मग जे बाहेर आलं ते आलं.) खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, जखम भरतेय, डॉक्टर खूश आहेत, हे ऐकून बरं वाटलं. पण स्वतःहून उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना, चादर बदलायची म्हणून तू खिडकीचे गज धरून उठलीस आणि खुर्चीत जाऊन बसलीस, हे ऐकून मुळीच बरं वाटलं नाही. घरी येणाऱ्या नर्सबाईला तू दारातूनच परत पाठवलंस आणि सूनबाईला अंगाला हात लावू देत नाहीस, हेही कळलं. असो. तू मोठी, मी लहान, मी काय बोलणार? हे पत्र त्यासाठी नाहीच. हे पत्र आमच्या किल्लीच्या ॲडमिशनबद्दल आहे. नर्सिंगची डिग्री कुठल्या कॉलेजातून करायची, यावर घरात दोन तट पडलेत, आणि आपल्या घरात शेवटचा शब्द तुझा असतो, हे मला माहीत आहे आणि हिलाही नाइलाजाने माहीत आहे.

आता पहिल्यापासून सांगतो. (तू घड्याळाकडे बघू नकोस. तुला पडूनच राहायचंय.) लॉज काढलं तेव्हा तू म्हणाली होतीस की हॉस्पिटलच्या समोर हौसेने कोण राहायला येणार? खरं होतं. हौसेने कोणीच येत नाही. येतात ते समोर ॲडमिट असलेल्यांचे नातेवाईक. पिशवीत एक कपड्यांचा जोड, हातात रिपोर्टची मोठी पाकिटं, आणि चेहऱ्यावर आपण इथे किती दिवस राहणार हे माहीत नसलेला भाव. एवढी वर्षं असे पाहुणे बघून मी माझा एक नियम केलाय. पेशंट कसा आहे, हे विचारायचं नाही. जिन्यावरच्या पावलांवरून मला कळतं. वर जाताना माणूस एकेक पायरी सोडून चढला तर चांगली बातमी, आणि मधल्या वळणावर कठड्याला धरून उभा राहिला तर नाही. मी गरम पाणी देतो, स्वच्छ चादर देतो, आणि बिलाची घाई करत नाही. यालाच मी आजवर माणुसकी समजत आलो. किल्ली मात्र विचारते. (नाव तूच ठेवलेलं. रांगायच्या वयात काउंटरमागच्या सगळ्या किल्ल्या गळ्यात घालून बसायची म्हणून.) शाळेतून आली की दप्तर काउंटरखाली टाकायची आणि जिन्यात पाहुण्यांच्या शेजारी जाऊन बसायची. एका म्हाताऱ्या गृहस्थांना बायकोचा वॉर्ड कुठल्या मजल्यावर हेच आठवायचं नाही, तर किल्ली त्यांना रोज रस्ता ओलांडून पार वॉर्डापर्यंत पोहोचवून यायची. मी म्हणायचो, पाहुण्यांना त्रास देऊ नकोस. तिला तो त्रास वाटायचा नाही आणि त्यांनाही नाही, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. बारावी झाल्यावर तिने नर्स व्हायचंय म्हणून सांगितलं, तेव्हा हिला अजिबात नवल वाटलं नाही. मला वाटलं.

तर समोरच्याच हॉस्पिटलच्या कॉलेजात अर्ज केला. रस्ता ओलांडला की वर्ग, आणि खिडकीतून हाक मारली की जेवायला घरी. मार्क होते, लेखी परीक्षाही चांगली गेली. राहिली होती मुलाखत, आणि मुलाखतीत म्हणे मुलीचा कल बघायला एक छोटं काम करायला सांगतात. गेल्या वर्षी पलंग लावायला सांगितलं होतं, अशी पक्की खबर मी समोरच्या कँटीनमधून आणली. ताई, पलंग म्हटल्यावर मला काय झालं असेल, तूच विचार कर. बाकी मला हिशेब येत नाही, इंग्रजी येत नाही, हिच्या मते साधा खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही. पण पलंग लावण्यात मी कोणाच्या बापाला ऐकत नाही. आठवडाभर मी किल्लीला रिकाम्या खोलीत घेऊन तयारी करून घेतली. चादर एका झटक्यात कशी पसरायची, कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली कसे सारायचे, अभ्र्याचं तोंड दाराच्या उलट बाजूला कसं ठेवायचं, आणि शेवटी पायथ्याशी टॉवेलचं बदक कसं करायचं. (बदक नको, असं ही म्हणाली होती. मी म्हटलं, सगळ्याच मुली चादर घालतील, बदक कोण करणार?) पाहुणा खोलीतच असेल तर काय करायचं, हेही शिकवलं. हसून, अदबीने म्हणायचं, जरा इकडे बसता का, आणि खुर्ची पुढे करायची.

मुलाखतीला पलंगावर एक बाहुली निजवलेली होती. पूर्ण माणसाएवढी. किल्लीला सांगितलं, हा तुमचा पेशंट, याची चादर बदला. किल्लीने काय केलं ते मी तिच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो. तिने हसून, अदबीने बाहुलीला विचारलं, जरा इकडे बसता का. मग तिला काखेत धरून उचललं आणि खुर्चीत बसवलं. चादर झटकली, घातली, कोपरे मारले, अभ्रा बदलला, पायथ्याशी बदक केलं. मग बाहुलीकडे वळून म्हणाली, "खोली तयार आहे. काही लागलं तर बेल दाबा." आणि दोन पावलं मागे सरकून, मी शिकवलं होतं तशी, दाराशी उभी राहिली. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक जण उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते म्हणे. मग मुख्य बाईंनी पलंगाला टांगलेला कागद वाचून दाखवला. त्या बाहुलीचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि तिला उठवून बसवायला सक्त मनाई होती. आता बाहुलीच्या तोंडावर तसं काही दिसत नव्हतं, पण कागद वाचायला हवा होता, हे मी मान्य करतो. (तुझी आणि तिची तक्रार एकच निघाली, आणि केलंतही दोघींनी एकच. फरक एवढाच की तिला किल्लीने बसवलं, आणि तू आपली आपण बसलीस.)

यादी लागली, त्यात नाव नव्हतं. वेटिंगमध्येसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, हा अन्याय आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक धुतलेली चादर घेऊन समोर जायला निघालो. त्या मुख्य बाईंच्या डोळ्यांदेखत एक कोपरा मारून दाखवायचा, एवढाच विचार होता. हिने मला जिन्यात गाठलं. हातात चादर घेऊन भांडायला निघालेला माणूस चांगला दिसत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. मी परत वर आलो. किल्ली गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होती. रडत नव्हती. एकेक चादर काढायची, घडी घालायची आणि ढिगावर ठेवायची. मी दुसरं टोक धरलं, आणि आम्ही सगळ्या चादरी संपवल्या. शेवटची घडी झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, बाहुली खुर्चीतच राहिली हो. मी तिला परत निजवलंच नाही." ताई, त्या वेळी मला फार वाईट वाटलं. तिचं नाव यादीत नाही याचं तर वाटलंच, पण तिला त्या बाहुलीचं वाईट वाटतंय, याचं जास्त वाटलं.

मग दुसरी कॉलेजं शोधणं आलं. हिने फोन केले, किल्लीने कॉम्प्युटरवर बघितलं, आणि मी दोघींना चहा करून दिला. शेवटी दोन राहिली. डिग्री दोन्हीकडे तीच, वर्षं तेवढीच. मी म्हटलं, कागदावर बघून काही कळत नाही, प्रत्यक्ष जाऊन बघू. आपण खोली घेतानासुद्धा आधी बघतो.

पहिलं शहराबाहेर, नवंकोरं. आम्ही घरात त्याला काचेचं कॉलेजच म्हणतो, कारण दार कुठलं आणि भिंत कुठली हे कळायला मला जरा वेळ लागला आणि कपाळाला थोडं लागलं. टाय लावलेल्या एका तरुणाने आम्हाला सगळं दाखवलं. तो मला प्रत्येक वाक्यात सर म्हणत होता, त्यामुळे माझं मत आधीच थोडं त्यांच्या बाजूने झालं होतं. हॉस्टेलमध्ये मी आपली नेहमीची तपासणी केली. गादीवर मूठ दाबून बघितली, नळ सोडून बघितला, पलंगाखाली बोट फिरवून बघितलं. धूळ नाही. गरम पाणी कधीही. चादरी अशा कडक की मला दोन मिनिटं तिथेच पडावंसं वाटलं. (पडलो नाही. ही बघत होती.) आणि मग प्रयोगशाळा. तिथली बाहुली म्हणजे समोरच्या कॉलेजातल्या बाहुलीची श्रीमंत बहीणच. श्वास घेते, नाडी लागते, खोकते, आणि पोटावर दाबलं तर "आई गं" म्हणते. हिने चुकून दाबलं आणि घाबरून तिची माफी मागितली. किल्लीने विचारलं, खरे पेशंट कधी? तो म्हणाला, तिसऱ्या वर्षापासून बस जाते, तोपर्यंत सगळं इथेच, सुरक्षित वातावरणात. आम्ही निघालो तेव्हा त्याने बाहुलीच्या मानेमागचं बटण दाबलं. तिची छाती हलायची थांबली. मी दचकलो, तर तो म्हणाला, काळजी करू नका सर, सकाळी परत चालू करतो. मला हे फार आवडलं. का आवडलं, ते पुढे सांगतो.

दुसरं जुन्या हॉस्पिटलला लागून. नळ आधी हाताने ठोकावा लागतो, मग पाणी येतं. लोखंडी कॉट. उशी म्हणजे नुसता अभ्रा, आत उशीची आठवण. मी गादीवर मूठ दाबली ती थेट पट्टीवर जाऊन आपटली. तिथल्या प्रिन्सिपॉलना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही, कारण त्या स्वतः उभ्याच होत्या आणि उभ्या उभ्याच कागदांवर सह्या करत होत्या. सीट आहे म्हणाल्या. का आहे, तेही सांगितलं. पहिल्याच सत्रापासून मुलींना वॉर्डात उभं करतात, आणि काही मुली पळून जातात. मी विचारलं, तुमच्याकडे बाहुली नाही का? आहे, म्हणाल्या, पण तिचा एक हात निखळलाय, तिला आम्ही गणवेशाच्या मापासाठी ठेवलीय. मग किल्लीला विचारलं, समोरच्यांनी का घेतलं नाही. किल्लीने बदकासकट सगळं सांगून टाकलं. (मी खोकून बघितलं, पण ती थांबली नाही.) मोठ्या बाई हसल्या नाहीत. "पलंग चांगला झाला असेल," त्या म्हणाल्या. "सोमवारी ये. पलंगावर माणूस असताना चादर बदलून दाखव. खरा माणूस. जमलं तर सीट तुझी."

मग त्यांनीच आम्हाला एका वॉर्डाच्या दाराशी नेऊन उभं केलं. आत दोन शिकाऊ मुली एका आजीबाईंची चादर बदलत होत्या. ताई, हे मी तुला नीट सांगतो, कारण मी एवढ्या वर्षांत हे कधी बघितलं नव्हतं. एकीने आजींना आपल्याकडे कुशीवर वळवून धरलं. दुसरीने जुनी चादर लांबीत गुंडाळत त्यांच्या पाठीपर्यंत सारली, आणि तिच्या मागोमाग नवी चादर अर्धी पसरली, अर्धी गुंडाळून ठेवली. मग आजींना त्या गुंडाळीवरून हळूच दुसऱ्या बाजूला वळवलं, पहिलीने जुनी ओढून काढली, नवी पुढे ओढून घेतली, आणि झालं. आजी त्या वेळी आपल्या शेजारणीच्या मांजराबद्दल काहीतरी सांगत होत्या. त्यांनी मधे एक शब्दही गाळला नाही. कोपरे माझ्याइतके नीट नव्हते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण मी तिथून हललो नाही. आमच्या धंद्यात माणूस गेल्यावर पलंग लावतात. पाहुण्याने किल्ली काउंटरवर ठेवली की मग आम्ही चादर घेऊन वर जातो. तो कुठे गेला, रस्ता ओलांडून आनंदाने गेला की कसा, हे आम्ही विचारत नाही, आणि त्याच्या चादरीची सुरकुती नाहीशी करतो. मला वाटायचं, मला चादरीतलं सगळं कळतं. त्या दाराशी उभं राहून वाटलं, मला अर्धंच कळतं.

आणि मला तू आठवलीस. मला गोवर निघाला होता, आई कामावर गेली होती, आणि तू शाळेच्या गणवेशातच माझ्याजवळ बसली होतीस. दुपारी ताप उतरला आणि अंथरूण घामाने ओलं झालं. तू मला असंच एका कुशीवर वळवलंस, ओली चादर काढलीस, कोरडी घातलीस, आणि मला उठवलं नाहीस. मी जागा होतो ताई. मुद्दाम डोळे मिटून पडलो होतो. जागा दिसलो असतो तर तू म्हणाली असतीस, ऊठ, नाटकं पुरे. झोपलेलाच बरा, असा मी हिशेब केला. त्या कोरड्या चादरीचं सुख मला अजून आठवतं. तुला कोणी शिकवलं होतं हे? मी आजवर कधी विचारलं नाही.

घरी येऊन वाद झाला. ही आणि किल्ली एका बाजूला, मी काचेच्या बाजूला. मी गरम पाण्याचा मुद्दा मांडला. चादरींचा मांडला. ती सीट पक्की आहे, कुठली परीक्षा नाही, आणि इथे सोमवारी चुकलं तर दोन्हीकडून हात धुऊन बसू आणि वर्ष जाईल, हेही मांडलं. दोघींनी ऐकून घेतलं आणि ऐकलं नाही. शेवटी मी खरं काय ते बोललो. मी म्हटलं, मला काचेचं कॉलेज आवडलं, कारण तिथली बाहुली संध्याकाळी बंद झाली तर सकाळी पुन्हा चालू होते. जुन्या हॉस्पिटलातला माणूस तसा होत नाही. मी जिन्यावरची पावलं ऐकत आलोय, मला माहीत आहे. हे सगळं किल्लीने रोज जवळून बघायचं, तेही एवढ्या लहान वयात, हे मला सोसत नाही. हे बोलताना माझा आवाज जरा बसला. (गीझरच्या दुरुस्तीवरून दुपारी भांडून आलो होतो, त्याचाही परिणाम असेल.) किल्ली म्हणाली, "बाबा, आपल्याकडे येणारी माणसं ज्याच्यासाठी थांबलेली असतात ना, तो एकटा असतो तिकडे. मला तिकडे जायचंय." मी उठून पाण्याची टाकी बघायला गेलो.

तर आता तू सांग. एकीकडे पक्की सीट, गरम पाणी आणि न मरणारी बाहुली. दुसरीकडे ठोकायचा नळ, आठवणीची उशी, आणि सोमवारची परीक्षा. मी कसलाही आग्रह धरत नाही. माझा कल कुठे आहे, तो तुला कळलाच असेल, आणि वॉर्डाच्या दाराशी तो थोडा डळमळला, हेही कळलं असेल. तू म्हणशील तसं करू.

सूनबाईला आशीर्वाद. नातवंडांना सांग की मामाआजोबा येताना टॉवेलचं बदक शिकवतील. तुला पुन्हा एकदा, कंबर सांभाळून, नमस्कार.

तुझा धाकटा,
बाळ
(पन्नाशी उलटली तरी तू दुसरी हाक मारत नाहीस, म्हणून)

ता. क. काचेच्या कॉलेजवाल्यांना शनिवारपर्यंत कळवायचंय, तेव्हा निर्णय जरा लवकर दे.

ता. क. २. वरचा ता. क. खोडणार होतो, पण पानावर खाडाखोड बरी दिसत नाही. काचेच्या कॉलेजला नाही म्हणून कळवून झालं. किल्लीने स्वतः फोन केला. मी शेजारी उभा होतो. त्या टायवाल्याने "सरांना नमस्कार सांगा" म्हटलं, तेव्हा मला थोडं चुकचुकल्यासारखं झालं. त्यामुळे तुझा सल्ला काचेच्या बाजूने असेल तर तो तुझ्याकडेच ठेव. जुन्याच्या बाजूने असेल तर मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे हा निर्णय माझ्या बहिणीचा, असं हिला दाखवता येईल. ही पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होती, पण ते वेगळं.

ता. क. ३. आता मुख्य काम. सोमवारच्या परीक्षेसाठी किल्लीला खऱ्या माणसावर सराव हवा. हिच्यावर करून बघितला, पण हिला गुदगुल्या होतात आणि ती हसत हसत पलंगावरून उतरते. मग मी निजलो. मला वाटलं होतं, नुसतं पडायचं तर आहे. पण किल्लीने खांद्याला हात लावला की मी आपोआप स्वतःच वळायचो, मान उचलायचो, कोपराने चादर सारायचो. ती म्हणायची, बाबा, अंग सोडा. मी म्हणायचो, सोडलंय की. सोडलेलं नसायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बॅगा वर नेल्या, आता आपलं वजन कोणाच्या हातात द्यायचं म्हणजे जमतच नाही ताई. खोटं नाही सांगत, मला घाम फुटला. तेव्हा माझ्यावर काही सराव होणार नाही. आणि खुब्याचं ऑपरेशन झालेला, ज्याची चादर बदलायची राहिलीय असा, घरातला माणूस म्हणजे तूच. सूनबाईने डॉक्टरांना विचारलंय. दोघांनी धरून, पायांत उशी ठेवून, कुशीवर वळवायला काही हरकत नाही. आम्ही गुरुवारी सकाळी येतो. तुला स्वतःसाठी काही नको असतं, हे मला माहीत आहे, आणि तुझ्यासाठी मी काही म्हणतही नाहीये. मुलीच्या वर्षाचा प्रश्न आहे. तू नाही म्हणालीस तर तिचं वर्ष जाईल, एवढंच. मी जबरदस्ती करत नाही.

ता. क. ४. आत्या, मी किल्ली. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. परीक्षा येत्या सोमवारी नाहीये, गेल्या सोमवारी झाली. मला जमलं. सीट मिळाली, आणि त्या हात निखळलेल्या बाहुलीशेजारी उभं राहून मी गणवेशाचं मापसुद्धा देऊन आले. बाबांना सगळं माहीत आहे, ते बाहेर बाकावर बसले होते आणि निकाल ऐकून माझ्याआधी रडले. हे पत्र लिहायला बसताना ते आईला म्हणाले, तिच्यासाठी म्हटलं तर ती आपल्याला दारातून परत पाठवेल, पोरीच्या परीक्षेसाठी म्हटलं तर गुपचूप पडून राहील. पण मोठ्या बाईंनी निकाल सांगतानाच बजावलंय की पेशंटला फसवून काही करायचं नाही, आधी विचारायचं. म्हणून विचारते. माझी कसलीही परीक्षा नाहीये. तुझी चादर बदलायचीय. येऊ का? दुसऱ्या बाजूला बाबा असतील. ते रोज सात नंबरमध्ये पलंगावर लोड निजवून एकटेच सराव करतात, तुला दुखू नये म्हणून. उसण त्यानेच भरलीय, गादी उलटून नाही. आता कंबर बरी आहे, नाहीतर मी त्यांना हात लावू दिला नसता. तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. हो असेल तर कळवायची गरज नाही. आम्ही आलो की नुसते डोळे मिटून पड. तू जागी आहेस हे बाबांना कळेल, पण ते बोलणार नाहीत.